डाएट शीतपेयाचे लेबल कसे वाचावे : मागच्या बाजूपासून सुरुवात

सोलापुरात मार्च सरता सरता ऊन चटके देऊ लागते आणि नवी पेठ असो, सात रस्ता असो वा एसटी स्टँडचा परिसर, दुकानादुकानाच्या दारातला काचेचा फ्रीज शीतपेयांनी भरून जातो. साखरेच्या पेयांच्या शेजारी आता डाएट कोक, कोक झिरो, पेप्सी ब्लॅक यांच्यासारखी 'डाएट', 'झिरो', 'लाइट', 'शुगर फ्री' असे शब्द मिरवणारी पेयेही मांडलेली असतात. पाहुण्यांत कोणी मधुमेही असेल, तर 'हे तुम्हाला चालतं' असे सांगून तीच बाटली त्यांच्यापुढे केली जाते. चालते की नाही, किती चालते आणि घरातल्या कोणाला मुळीच चालत नाही, हे त्या बाटलीवर बरेचसे छापलेले असते. मात्र ते समोरच्या बाजूला नसते.

पोषणाचा तक्ता तेवढा पाहिला की लेबल वाचून झाले, असे बहुतेक जण समजतात. बिस्किटाच्या किंवा फरसाणाच्या पुड्यावर ते काही अंशी खरे आहे. डाएट पेयाच्या तक्त्यात मात्र एकाखाली एक शून्येच असतात आणि ती पाहून समाधानापलीकडे काही हाती लागत नाही. म्हणून या पेयांपुरता वाचनाचा क्रम बदलावा, असे माझे सांगणे आहे : आधी घटकांची यादी, मग बारीक अक्षरांतले इशारे, त्यानंतर तक्ता आणि समोरचे मोठ्या अक्षरांतले दावे सर्वांत शेवटी.

वाचण्याची तयारी

सरावासाठी कॅन किंवा प्लास्टिकची बाटली घ्यावी, कारण काचेच्या बाटलीवरचा मजकूर घासून पुसट झालेला असण्याची शक्यता जास्त. फ्रीजमधून काढलेल्या बाटलीवर पाणी सुटलेले असते, ते आधी पुसावे. अक्षरे वाचवत नसतील, तर मोबाईलच्या कॅमेऱ्याने लेबलाचे दोन-तीन तुकड्यांत फोटो काढून ते मोठे करून पाहावेत. गोल बाटलीचा एकच फोटो काढला, तर कडेची अक्षरे हमखास निसटतात.

लेबलावरची सक्तीची माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत देणे नियमाने पुरेसे आहे, इतर भाषा ऐच्छिक आहेत आणि व्यवहारात बहुतेक मजकूर इंग्रजीतच असतो. ज्या शहरात गिऱ्हाईक एकाच गल्लीत मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू बोलते, तिथे आरोग्याचा इशारा यांपैकी एकाही भाषेत नसावा हे मला पटत नाही. पण आज परिस्थिती तीच आहे. त्यामुळे घरातल्या ज्येष्ठांना लेबल वाचून दाखवणे हे इंग्रजी वाचू शकणाऱ्या मुला-नातवंडांचेच काम ठरते.

पहिली पायरी : घटकांची यादी

'इन्ग्रेडिएंट्स' या शब्दापाशी बोट ठेवावे आणि पुढचा मजकूर सलग वाचावा. तयार करताना जो घटक वजनाने किंवा आकारमानाने सर्वांत जास्त वापरला गेला, तो आधी लिहायचा आणि मग उतरत्या क्रमाने बाकीचे, असा नियम आहे. बुडबुड्यांच्या पेयात पहिले नाव 'कार्बोनेटेड वॉटर' असते. दुसऱ्या क्रमांकावर साखर असेल, तर समोर 'लाइट' लिहिलेले असो वा आणखी काही, ते साखरेचेच पेय आहे असे समजून पुढे वाचावे.

साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात साखर ओळखणे कोणाला जड जाऊ नये, पण लेबलावर ती निरनिराळ्या नावांनी वावरते. लिक्विड ग्लुकोज, डेक्स्ट्रोज, इन्व्हर्ट सिरप, हाय फ्रुक्टोज कॉर्न सिरप, फ्रूट ज्यूस कॉन्सन्ट्रेट, मध, गूळ ही सगळी त्याच घरची माणसे. माल्टोडेक्स्ट्रिनचा प्रकार थोडा वेगळा आहे. ते चवीला फारसे गोड नसते आणि तक्त्यात 'शुगर्स'च्या ओळीतही फारसे दिसत नाही, तरी पोटात गेल्यावर त्याचे झपाट्याने ग्लुकोज होते. बाटलीबंद डाएट कोलामध्ये ते सहसा आढळत नाही. पाण्यात कालवायच्या 'शुगर फ्री' पुड्यांच्या यादीत मात्र त्याचा शोध जरूर घ्यावा.

यानंतर यादीत कंसातले आकडे येतात. हे आंतरराष्ट्रीय क्रमांक असून चव, रंग, टिकाऊपणा यांसाठी मिसळलेल्या प्रत्येक पदार्थाला म्हणजे मिश्रकाला एक क्रमांक ठरलेला आहे, त्यामुळे नाव छापलेले नसले तरी पदार्थ ओळखता येतो. गोडी आणणाऱ्या पदार्थांचे क्रमांक पाठ करणे अवघड नाही : ९५० म्हणजे ॲसेसल्फेम पोटॅशियम, ९५१ म्हणजे ॲस्पार्टेम, ९५४ म्हणजे सॅकरीन, ९५५ म्हणजे सुक्रालोज, ९६० म्हणजे स्टीव्हियापासून काढलेले स्टेव्हिऑल ग्लायकोसाइड्स आणि ९६१ म्हणजे निओटेम. पुष्कळ पेयांत ९५० आणि ९५१ ही जोडी एकत्र असते, कारण एकाची मागे रेंगाळणारी कडवट चव दुसऱ्यामुळे झाकली जाते. बाकीच्यांपैकी ३३८ हे फॉस्फोरिक आम्ल, ३३० हे सायट्रिक आम्ल, २११ हे टिकवण्यासाठी घातलेले सोडियम बेन्झोएट आणि १५०डी हा कॅरॅमलचा रंग.

हे गोड पदार्थ यादीच्या शेवटी का असतात, असा प्रश्न पडतो. त्याचे उत्तर साध्या हिशेबात आहे. साध्या कोलामध्ये १०० मिलिलिटरला साधारण १०.६ ग्रॅम साखर असते, म्हणजे ३०० मिलिलिटरला सुमारे ३२ ग्रॅम. ॲस्पार्टेम साखरेच्या सुमारे २०० पट गोड असल्याने तेवढ्याच गोडीला १६० मिलिग्रॅमच्या आसपास पुरते. सुक्रालोज तर सुमारे ६०० पट गोड आहे. यादीतला शेवटचा क्रमांक म्हणजे नगण्य घटक, हा समज इथे लागू पडत नाही.

आम्लांचे क्रमांक वाचून सोडून देऊ नयेत. साखर नसली तरी पेय आंबटच असते, आणि दिवसभर थोडे थोडे घोट घेत राहिल्यास दातांवरच्या आवरणाची झीज होते. डाएट पेय दातांना निर्धोक असते, हा समज अर्धाच खरा आहे. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी ३३८ हा क्रमांक दिसला, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते पेय रोजच्या सवयीचे करू नये. कारण या आम्लातला फॉस्फरस हा सक्तीच्या पोषण-तक्त्याचा भाग नाही, त्यामुळे तो किती आहे हे तक्त्यावरून कळत नाही.

दुसरी पायरी : बारीक अक्षरांतले इशारे

घटकांच्या यादीजवळच एखाद्या चौकटीत चार-पाच छोटी वाक्ये असतात. 'कन्टेन्स नॉन-कॅलरिक स्वीटनर' या वाक्यावरून पेयात उष्मांक न देणारा गोड पदार्थ आहे, एवढेच कळते. 'नॉट फॉर फिनाइलकीटोन्युरिक्स' हे वाक्य ॲस्पार्टेम असलेल्या प्रत्येक पेयावर लागते. फिनाइलकीटोन्युरिया हा जन्मजात आणि दुर्मीळ विकार आहे. त्यात फिनाइलॲलनिन हे अमिनो आम्ल शरीराला नीट वापरता येत नाही, ते साठत जाते आणि मेंदूला इजा करते. ॲस्पार्टेम पचताना हेच आम्ल सुटे होते. ज्यांना हा विकार नाही, त्यांनी या वाक्याने घाबरायचे कारण नाही, कारण दूध, डाळ, अंडी यांतूनही आपण फिनाइलॲलनिन रोजच घेत असतो.

ॲस्पार्टेम आणि ॲसेसल्फेम पोटॅशियम यांचे मिश्रण असलेल्या पेयावर 'नॉट रेकमेंडेड फॉर चिल्ड्रन' असेही छापलेले असते. वाढदिवसाला किंवा लग्नाच्या पंगतीत 'साखर नाही ना, मग पिऊ दे' म्हणून मुलांच्या हाती कॅन देणाऱ्यांनी हे वाक्य अवश्य वाचावे.

ते का छापलेले असते, याचा अंदाज प्रमाणाच्या हिशेबावरून येतो. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने ॲस्पार्टेमची रोजची स्वीकार्य मर्यादा शरीराच्या दर किलो वजनामागे ४० मिलिग्रॅम धरली आहे. जुलै २०२३ मध्ये कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने ॲस्पार्टेमला 'कदाचित कर्करोगकारक' या २बी गटात टाकले, तेव्हा बराच गदारोळ झाला. परंतु त्याच वेळी या समितीने ४० मिलिग्रॅमची मर्यादा कायम ठेवली. एका कॅनमध्ये २०० ते ३०० मिलिग्रॅम ॲस्पार्टेम धरले, तर ७० किलोच्या माणसाला मर्यादा ओलांडायला दिवसात ९ ते १४ कॅनपेक्षा जास्त प्यावे लागतील, असे उदाहरण त्या वेळी देण्यात आले होते. हाच हिशेब २० किलोच्या मुलासाठी करून पाहावा : मर्यादा ८०० मिलिग्रॅम, आणि ३०० मिलिग्रॅमचा कॅन धरला तर तिसरा कॅन संपण्याआधीच ती ओलांडली जाते. मोठ्यांना जी मर्यादा अशक्यप्राय वाटते, ती मुलांच्या बाबतीत एवढी जवळ आहे.

चौथे वाक्य कॅफिनचे. 'कन्टेन्स कॅफिन' हे कोलावर दिसते आणि त्याचा साखरेशी काही संबंध नसल्यामुळे डाएट प्रकारातही कॅफिन असते. एनर्जी ड्रिंकचे 'शुगर फ्री' प्रकार मात्र वेगळ्या वर्गात मोडतात. लिटरला १४५ ते ३०० मिलिग्रॅम कॅफिन असलेली ही पेये असून २५० मिलिलिटरच्या एका कॅनमध्ये ते ७५ मिलिग्रॅमपर्यंत जाऊ शकते. मुले, गरोदर व स्तनदा माता आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी नाही, असा इशारा त्यांच्यावर असतो. परीक्षेच्या काळात रात्री जागणाऱ्या मुलांच्या टेबलावर असे कॅन दिसले, तर साखर किती आहे ते न पाहता ही ओळ पाहावी.

तिसरी पायरी : पोषण-तक्ता

भारतीय अन्न सुरक्षा आणि मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या लेबलविषयक नियमांनुसार तक्त्यात ऊर्जा, प्रथिने, कर्बोदके, एकूण साखर, वरून घातलेली साखर, एकूण स्निग्धांश, संपृक्त व ट्रान्स स्निग्धांश, कोलेस्टेरॉल आणि सोडियम यांची नोंद लागते. हे आकडे १०० मिलिलिटरमागे असतात आणि एका वाढणीतून दिवसाच्या गरजेचा किती टक्के भाग मिळतो, तेही दिलेले असते. ही टक्केवारी २००० किलोकॅलरीचा आहार, ५० ग्रॅम वरून घातलेली साखर आणि २००० मिलिग्रॅम सोडियम या मापांवर काढलेली असते. घरात बसून काम करणाऱ्या साठ वर्षांच्या बाईंची गरज २००० किलोकॅलरीपेक्षा कमी असू शकते, म्हणून टक्क्यांपेक्षा मूळ ग्रॅमवर भर द्यावा.

खरा घोळ 'सर्व्हिंग साइज' या ओळीत होतो. समजा, ६०० मिलिलिटरच्या एका 'लाइट' पेयावर १०० मिलिलिटरमागे साखर ४.८ ग्रॅम, ऊर्जा १९ किलोकॅलरी आणि एक वाढणी २०० मिलिलिटर, असे लिहिले आहे. वाढणीमागे साखर ९.६ ग्रॅम आणि टक्केवारी १९ दिसते, ती कोणालाही मामुली वाटेल. पण उन्हातून आलेला माणूस बाटली तोंडाला लावतो तो ती संपवूनच खाली ठेवतो. पूर्ण बाटलीत २८.८ ग्रॅम, म्हणजे सुमारे सात चमचे साखर आहे. ५० ग्रॅमच्या मापाने ती ५८ टक्के होते. गंमत अशी की द्रव पदार्थाला 'कमी ऊर्जा' म्हणण्यासाठी १०० मिलिलिटरमागे २० किलोकॅलरीची मर्यादा आहे आणि हे पेय तिच्यात बसते. 'कमी साखर' म्हणण्यासाठी मात्र साखर २.५ ग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, त्यामुळे तो दावा त्याला करता येणार नाही. म्हणून बाटलीवर छापलेले पेयाचे निव्वळ आकारमान पाहावे, त्याला १०० ने भागावे आणि येणाऱ्या संख्येने तक्त्यातल्या पहिल्या रकान्याला गुणावे. वाढणीचा रकाना वाचलाच नाही तरी काही अडत नाही.

आकडे एकमेकांशी जुळतात का, हेही ताडून पाहता येते. एक ग्रॅम साखरेतून किंवा पचणाऱ्या कर्बोदकातून ४, प्रथिनातून ४ आणि स्निग्धांशातून ९ किलोकॅलरी मिळतात. साखर शून्य, पण कर्बोदके ४ ग्रॅम आणि ऊर्जा १६ किलोकॅलरी असे दिसले, तर ती कर्बोदके पचणारी आहेत आणि घटकांच्या यादीत माल्टोडेक्स्ट्रिनसारखे काहीतरी सापडेल. कर्बोदके आहेत आणि ऊर्जा जवळजवळ नाही, असे दिसले तर बहुधा ९६८ क्रमांकाचे एरिथ्रिटॉल असते.

सोडियमच्या ओळीकडे मधुमेही माणूस पाहत नाही आणि रक्तदाब असलेल्याने मात्र तीच आधी पाहायला हवी. डाएट कोलामध्ये सोडियम किरकोळ असते. जिरा-मसाला किंवा लिंबू-मीठ चवीच्या बाटलीबंद पेयांत ते बरेच असू शकते. १०० मिलिलिटरमागे १५० मिलिग्रॅम लिहिलेले असेल, तर ३०० मिलिलिटरच्या बाटलीत ४५० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाच्या मापाचा २२ टक्क्यांहून अधिक भाग एका बैठकीत जातो. सोडियमला अडीचने गुणले की मिठाचा अंदाज येतो. इथे तो एक ग्रॅमच्या थोडा वर आहे. शेंगाचटणी, लोणचे आणि कडक भाकरी यांच्या जेवणानंतर हे मीठ वेगळे धरावे लागते.

चौथी पायरी : समोरचे दावे

'शुगर फ्री' म्हणण्यासाठी १०० मिलिलिटरमागे साखर ०.५ ग्रॅमपेक्षा जास्त नसावी, असा नियम आहे. म्हणजे काटेकोर शून्य नसले तरी हा दावा करता येतो. पण ६०० मिलिलिटरच्या बाटलीतही तो फरक जास्तीत जास्त ३ ग्रॅमचा असल्याने त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

'नो ॲडेड शुगर' हा दावा मात्र अनेकांना फसवतो. त्याचा अर्थ साखर वरून घातलेली नाही इतकाच आहे. सोलापूरच्या डाळिंबाला भौगोलिक मानांकन आहे आणि त्याच्या रसाचे कौतुक आपल्याकडे साहजिकच जास्त; परंतु निव्वळ डाळिंबाच्या रसात १०० मिलिलिटरला १२ ते १३ ग्रॅम साखर मुळातच असते, म्हणजे साध्या कोलाहून कमी नाही. तक्त्यात 'ॲडेड शुगर्स' शून्य आणि 'टोटल शुगर्स' १२ अशा दोन ओळी दिसल्या, तर मधुमेही व्यक्तीने दुसरी ओळ खरी धरावी. संहत, म्हणजे घट्ट केलेल्या रसात पाणी घालून बनवलेल्या रसांवरचा '१०० टक्के फळांचा रस' हा दावा काढून टाकण्याचे आदेश प्राधिकरणाने जून २०२४ मध्ये दिले, तेही असा दावा दिशाभूल करणारा ठरतो म्हणून. स्टीव्हियाच्या हिरव्या पानाचे चित्र असलेल्या बाटलीवरही घटकांची यादी उलटून पाहावी, कारण ९६० च्या जोडीला साखरही असू शकते.

वजन कमी होईल, या आशेने पिणाऱ्यांसाठी एक नोंद : वजन आटोक्यात ठेवण्याचे साधन म्हणून साखरेऐवजी हे गोड पदार्थ वापरू नयेत, अशी सूचना जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये केली. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ती लागू नाही, असेही त्यात नमूद आहे. रोज दोन साखरेच्या बाटल्या पिणाऱ्याने डाएट पेयाकडे वळणे मला चुकीचे वाटत नाही. ताक किंवा पाणी पिणाऱ्याने वळण्याचे मात्र काहीच कारण नाही.

मधुमेही घरांसाठी एक वेगळी सूचना

इन्सुलिन किंवा साखर खाली आणणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्यांची रक्तशर्करा अचानक उतरू शकते; घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. उन्हाळ्यात हा घाम उकाड्याचा समजला जातो आणि जवळ असेल ते थंड पेय दिले जाते. ते डाएट असेल, तर त्याचा काडीचाही उपयोग होत नाही. अशा वेळी सुमारे १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर लागते आणि १५ मिनिटांनी शर्करा पुन्हा तपासावी लागते. माणूस बेशुद्ध असेल, तर तोंडाने काहीही न देता दवाखाना गाठावा. फ्रीजमध्ये साखरेचे आणि बिनसाखरेचे पेय शेजारी शेजारी असेल, तर झाकणावर मार्करने खूण करून ठेवावी, कारण गडबडीत दोन्ही कॅन सारखेच दिसतात. जुलाब-उलट्यांनी पाणी कमी झाल्यावरही डाएट पेय देऊ नये. त्यासाठीच्या क्षारसंजीवनीत सोडियमबरोबर ग्लुकोज मुद्दाम घातलेले असते, कारण आतड्यात सोडियम आणि पाणी शोषले जायला त्याची मदत लागते.

तारीख, ऊन आणि परवाना

ॲस्पार्टेम उष्णतेने हळूहळू विघटित होते आणि पेयाची गोडी उतरते. फुटपाथवर दुपारभर उन्हात रचलेल्या क्रेटमधली बाटली फ्रीजमध्ये ठेवून गार करता येते, उतरलेली गोडी परत येत नाही. त्यामुळे सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये दुकानाच्या आत सावलीत ठेवलेला माल मागावा आणि उत्पादनाची तारीख जितकी अलीकडची तितके बरे. प्लास्टिकच्या बाटलीतून वायूही हळूहळू निसटत असल्याने जुनी बाटली सपक लागते.

अन्न परवान्याचा १४ आकडी क्रमांक लेबलावर आहे ना, हेही पाहावे, विशेषतः लहान कारखान्यांच्या सोड्यावर आणि जत्रेत विकल्या जाणाऱ्या पेयांवर. क्रमांक नसेल, तारीख खोडलेली असेल किंवा लेबलावर दुसरे लेबल चिकटवलेले असेल, तर बाटली न उघडता जपून ठेवावी, बिल मागून घ्यावे, चारही बाजूंचे फोटो काढावेत आणि 'फूड सेफ्टी कनेक्ट' या ॲपवर किंवा राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार नोंदवावी. गाड्यावर ग्लासात ओतून मिळणाऱ्या 'शुगर फ्री' सरबताला लेबलच नसते. तिथे विक्रेत्याला सिरपची मूळ बाटली दाखवायला सांगावी आणि वर दिलेल्या क्रमाने तीच वाचावी.